एका खड्याची सोन्याची अंगठी : माप, वजन आणि विश्वास



गोंदिया जिल्ह्यात धान कापून घरात आले की लग्नसराई सुरू होते आणि सराफ्यात माणसांची ये-जा वाढते. मात्र या गर्दीचा फायदा आपल्या कारागिरांना पुरेसा होत नाही. हार, बांगड्या, झुमके हा माल राजकोट, कोइम्बतूर, मुंबई अशा ठिकाणच्या कारखान्यांत यंत्रावर तयार होतो आणि थेट दुकानाच्या काचेत येऊन बसतो. दुकानदार तो विकतो. पण शेगडीपाशी बसलेल्या कारागिराच्या हाताला त्यातून काम मिळत नाही. गोंदिया असो, तिरोडा असो, आमगाव किंवा देवरी असो, अनेकांच्या वाट्याला दुरुस्ती, झाळकाम आणि पॉलिश एवढेच उरते.

तरीही एक काम असे आहे की जे यंत्राला सहजासहजी जमत नाही. गिऱ्हाईक घरातला जुना माणिक घेऊन येते, जयपूरहून किंवा हैदराबादहून आणलेला पाचू घेऊन येते आणि म्हणते, "याची सोन्याची अंगठी करून द्या." कारखान्यातली तयार अंगठी ठरावीक मापाच्या खड्यासाठी असते. रंगीत खडे मात्र ठरावीक मापात क्वचितच मिळतात. त्याचे कारण साधे आहे. चांगला कच्चा खडा महाग असतो. पैलू पाडणारा त्याचे वजन वाचवण्यासाठी दगडाच्या मूळ आकाराप्रमाणे त्याला घडवतो. म्हणून एक पाचू लांबट निघतो, दुसरा एका बाजूला जाड निघतो, तिसऱ्याचे पोट खोल असते. अशा खड्यासाठी अंगठी त्याच खड्याच्या मापाने, हातानेच घडवावी लागते.

हे काम लहान गावातल्या कारागिराला रोजी देऊ शकते. पण त्यात धोकाही मोठा आहे. खडा तडकला तर भरपाईत अनेक महिन्यांची कमाई जाते. "माझा खडा बदलला" असा आळ आला तर बापजाद्यांपासूनचे नाव जाते. आणि २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पुढे गेल्यापासून हिशेबातली लहानशी चूकही परवडत नाही. म्हणून या लेखात आपण एका खड्याच्या अंगठीचे काम पहिल्या पावतीपासून शेवटच्या बिलापर्यंत क्रमाने पाहू.

कोंदण म्हणजे काय?

अंगठीत खडा धरून ठेवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक पंजाची. तिच्यात सोन्याचे चार किंवा सहा काटे खड्याला वरून धरतात. दुसरी कोंदणाची. तिच्यात खड्याभोवती सोन्याच्या पट्टीची भिंत उभी करतात आणि तिचा वरचा काठ खड्यावर सर्व बाजूंनी दाबून बसवतात. पंजात खड्याला उजेड जास्त मिळतो. कोंदणात उजेड थोडा कमी मिळतो, पण खड्याची कंबर, म्हणजे जिथे तो सर्वांत रुंद असतो तो नाजूक काठ, सोन्याच्या आड सुरक्षित राहते. घरकाम, शेतकाम किंवा शिलाई करणाऱ्या हातासाठी कोंदणच बरे. त्यात कपडा अडकत नाही आणि काटा वाकून खडा पडण्याची भीती राहत नाही.

राजस्थानी कुंदनकाम आणि हे कोंदण एक नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. कुंदनात शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे खड्याभोवती थंडच दाबून बसवतात. आत लाख असते आणि पाठ बंद असते. आपले कोंदण झाळून केलेल्या पट्टीचे असते. त्याची पाठ बंदही ठेवता येते, उघडीही ठेवता येते. माणिक, नीलम, पाचू असा पारदर्शक खडा असेल तर पाठ उघडी ठेवावी. उजेड खेळतो आणि मागून धुताही येते. अकीक, फिरोजा, पोवळे असा अपारदर्शक खडा असेल तर पाठ बंद असली तरी चालते.

मुस्लिम पुरुषांकडून सोन्याची नव्हे तर चांदीच्या अंगठीचीच मागणी येते, हे आपण जाणताच. पुढे सांगितलेली कोंदणाची रीत चांदीलाही लागू पडते. आपल्याकडे येणारी सोन्याची मागणी मुख्यतः स्त्रियांची आणि इतर समाजातील गिऱ्हाइकांची असते.

खडा ही अमानत आहे

खडा हातात घेतल्याबरोबर तो डबीत टाकू नये. गिऱ्हाइकासमोर तो ओल्या कपड्याने पुसावा, दहापट भिंगाखाली पाहावा आणि जे दिसेल ते लिहावे. काठ कुठे उडाला आहे का, वरच्या पैलूवर ओरखडा आहे का, आत भेग आहे का, हे गिऱ्हाइकालाही भिंगातून दाखवावे. नंतर काट्यावर वजन करावे आणि व्हर्नियरने लांबी, रुंदी व खोली मोजावी. हे सर्व दोन प्रतींच्या पावतीवर लिहून दोघांनी सही करावी. उदाहरणार्थ: "लाल खडा, लंबगोल, ९.० × ७.० × ४.९ मिलिमीटर, २.५० कॅरेट, एका टोकाला काठावर लहान टवका."

पावतीवर "माणिक" असे न लिहिता "लाल खडा" असे लिहिण्यात शहाणपण आहे. तो माणिक आहे हे आपण तपासलेले नसते. उद्या प्रयोगशाळेने त्याला दुसरे नाव दिले तर "मी माणिक दिला होता, तुम्ही तो बदलला" असा वाद उभा राहतो. प्रमाणपत्र सोबत असेल तर त्याचा क्रमांक लिहावा आणि त्यातले वजन-माप आपल्या काट्याशी जुळते का ते तिथेच पाहावे.

रत्तीचा घोळ

खड्याचे वजन रत्तीत सांगण्याची आपल्याकडे रीत आहे आणि भांडणाचे मूळही तिथेच आहे. जुन्या सोनारी हिशेबात आठ रत्तींचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा; म्हणजे ९६ रत्तींचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक रत्ती सुमारे ०.१२१ ग्रॅम होते. पण खड्याच्या बाजारात जी पक्की रत्ती म्हणतात ती सुमारे ०.१८ ग्रॅमची असते. आता "पाच रत्तीचा खडा" म्हटले तर एका हिशेबाने तो सुमारे तीन कॅरेटचा आणि दुसऱ्या हिशेबाने साडेचार कॅरेटचा होतो. दीड कॅरेटचा हा फरक कोणाच्या माथी मारायचा?

उपाय सोपा आहे. तोंडाने रत्ती बोलली तरी कागदावर कॅरेटच लिहावे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. सोन्याचा कॅरेट हा शुद्धतेचा आणि खड्याचा कॅरेट हा वजनाचा, हे गिऱ्हाइकाला एकदा सांगून टाकावे.

खड्याचा स्वभाव ओळखा

प्रत्येक खडा दाब, उष्णता आणि तेजाब सारखे सोसत नाही. कठीणपणा एक ते दहा अशा मोजपट्टीवर सांगतात. हिरा दहावर आहे. रोजच्या धुळीत गारेचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा सात आहे. म्हणून सातच्या खालचा खडा रोज वापरला तर काही वर्षांत त्याची झिलई जाते. तशा खड्याला कोंदणाचा काठ जरा उंच ठेवावा.

माणिक, नीलम आणि पुष्कराज हे एकाच कुरुंद जातीचे खडे असून त्यांचा कठीणपणा ९ आहे. हे दाब चांगला सोसतात. पण बाजारात शिशाची काच भरून भेगा झाकलेले माणिक फार आले आहेत. त्यांना बत्तीची आच लागली, तेजाब लागले, इतकेच काय लिंबाचा रस लागला तरी आतली काच खराब होते. भिंगातून पाहताना आत बुडबुडे किंवा निळसर चमक दिसली तर सावध व्हावे आणि तसे पावतीवर लिहावे.

पाचूचा कठीणपणा साडेसात ते आठ आहे, पण त्याच्या आत भेगा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात. पाचू गरम करू नये, कंपनाच्या यंत्रात धुऊ नये, तेजाबाजवळ नेऊ नये. त्याला मऊ सोन्याचे कोंदण द्यावे.

टोपाझ पुष्कराजासारखा दिसतो आणि पुष्कराज म्हणून विकलाही जातो. त्याचा कठीणपणा आठ असला तरी एका दिशेने तो एका ठोक्यात चिरतो. लसण्या साडेआठचा आणि गोमेद सुमारे सातचा. दोन्ही बसवायला सोपे.

अकीक साडेसहा ते सातचा, पण चिवट. गुजरातेतील खंभात हे अकीकच्या घडाईचे जुने केंद्र असून आजही तिथे हे काम चालते. नव्या कारागिराने पहिला हात अकीकवर बसवावा; खडा स्वस्त असतो आणि सहसा फुटत नाही.

फिरोजा पाच ते सहाचा असून तो तेल, घाम, साबण शोषतो आणि त्याचा रंग हिरवट पडतो. पोवळे आणि मोती तर चुन्याच्याच जातीचे. त्यांचा कठीणपणा चारच्या आसपास किंवा कमी आणि तेजाबात ते विरघळतात. यांना पॉलिशच्या चाकापासूनही दूर ठेवावे.

खडा कोणता हे पारखण्याची एक जुनी आणि पक्की रीत आहे. ती ज्यांनी शास्त्रशुद्ध केली त्यांत अल-बिरूनी (९७३-१०४८) यांचे नाव मोठे आहे. त्यांनी रत्ने हवेत आणि पाण्यात तोलून त्यांची घनता ठरवली होती. हे आजही आपल्या कॅरेटच्या काट्यावर करता येते. समजा लाल खडा हवेत २.५० कॅरेट आणि पाण्यात टांगून १.८७ कॅरेट भरला. घट ०.६३ झाली. २.५० ला ०.६३ ने भागले की सुमारे ४ येतात. ही माणकाची घनता आहे. ३.६ आले तर तो स्पिनेल किंवा गोमेदाच्या कुळातला असू शकतो. अडीचच्या आसपास आले तर काचेचा संशय घ्यावा. इंग्लंडच्या राजमुकुटातला "ब्लॅक प्रिन्सचा माणिक" म्हणून प्रसिद्ध असलेला खडा माणिक नसून स्पिनेल आहे, इतके हे दोन सारखे दिसतात. मात्र कारखान्यात केलेला माणिकही घनतेत चारच भरतो. खाणीतला की कारखान्यातला, हे सांगणे प्रयोगशाळेचे काम आहे. जयपूर आणि मुंबई येथील रत्नांच्या प्रयोगशाळांत तशी तपासणी होते. महाग खडा असेल तर गिऱ्हाइकाला आधी तिथे पाठवावे.

खडा घातल्याने नशीब बदलते असे सांगून आपण माल खपवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकाची श्रद्धा त्याच्यापाशी. आपण जात, वजन, माप आणि केलेली प्रक्रिया एवढेच सांगावे. ते खरे सांगावे.

पट्टीचे माप

आता प्रत्यक्ष घडाई. वरच्या उदाहरणातला ९ × ७ मिलिमीटरचा लंबगोल खडा घेऊ. लांबी-रुंदीची सरासरी ८ झाली. पट्टीची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर ती मिळवून ८.५ होतात. त्याला ३.१४ ने गुणले की २६.७ मिलिमीटर लांबी येते. गोल खडा असेल तर सरासरीच्या जागी व्यास धरावा. कानशीने टोके सरळ करण्यात थोडे सोने जाते, म्हणून पट्टी अर्धा मिलिमीटर लांब कापावी. कमी पडलेली पट्टी ओढून वाढवू नये. ती एका जागी पातळ होते आणि पुढे तिथेच फाटते.

उंची ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पाठ उघडी असेल तर खड्याचे टोक बोटाला टोचता कामा नये. आणि वर, कंबरेच्या पुढे, दाबण्यापुरता काठ शिल्लक राहिला पाहिजे. पैलूदार खड्याला हा काठ वरच्या भागाच्या सुमारे एक तृतीयांश पुरतो. घुमटाकार खड्याला जिथून घुमट आत वळू लागतो तिथपर्यंत काठ आणावा. काठ फार उंच ठेवला तर खडा झाकला जातो आणि सोने वाया जाते. फार कमी ठेवला तर खडा निसटतो. आपल्या खड्याला साधारण साडेचार मिलिमीटर उंची लागेल.

या पट्टीत सोने किती? २६.७ × ४.५ × ०.५ म्हणजे सुमारे ६० घन मिलिमीटर. बावीस कॅरेट सोन्याची घनता सुमारे १७.७ धरली तर वजन १.०६ ग्रॅम होते. आता हीच पट्टी निष्काळजीपणाने ०.६ मिलिमीटर जाड लाटली गेली तर ती १.२९ ग्रॅमची होते. चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरला तर बावीस कॅरेटचा एक ग्रॅम ९,१६० रुपयांना पडतो. म्हणजे केसाएवढ्या जाडीच्या फरकाने दोन हजार रुपयांहून जास्त सोने गेले. म्हणून लाटणी यंत्रातून पट्टी काढल्यावर प्रत्येक वेळी जाडी मोजावी. नजरेवर विसंबू नये.

बावीस कॅरेट की अठरा? बावीस कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने, मऊ असते. कोंदणाचा काठ हलक्या हाताने वळतो आणि खड्याला धक्का कमी बसतो. अठरा कॅरेट, म्हणजे हजारात ७५० भाग, कडक असते. रोजच्या वापरात अंगठीची कडी झिजत नाही, पण काठ दाबायला जोर लागतो. पाचू, ओपल, फिरोजा अशा नाजूक खड्यांना बावीस बरे. कोंदण एका शुद्धतेचे आणि कडी दुसऱ्या शुद्धतेची करू नये. शिक्का एकच बसतो आणि अंगठीच्या प्रत्येक भागाबाबत तो खरा असला पाहिजे.

आग आधी, खडा शेवटी

पट्टीची दोन्ही टोके कानशीने अशी घासावीत की एकमेकांना टेकवली असता मधून उजेड दिसू नये. टाकणखार लावून कडक डाकाने सांधा झाळावा. मग आत खड्यासाठी बैठक, म्हणजे दुसरी आखूड पट्टी, झाळावी आणि शेवटी नरम डाकाने कोंदण कडीला जोडावे. पहिला डाक कडक आणि नंतरचा नरम ठेवल्याने दुसऱ्या आचेत पहिला सांधा सुटत नाही.

डाकात कॅडमियम वापरू नये. "केडीएम" म्हणून जो माल एके काळी गाजला, त्याचा डाक याच धातूचा होता. कॅडमियमचा धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खराब करतो, आणि तो धूर गिऱ्हाईक घेत नाही, कारागीर घेतो. जस्ताचे किंवा इंडियमचे डाक मिळतात. ते वापरावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

अंगठीचे माप, झाळकाम, तेजाबात धुणे, कानस, मोठे पॉलिश ही सर्व कामे खडा बसण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजेत. खडा आत असताना बत्ती पेटवावी लागली तर समजावे की कुठेतरी क्रम चुकला. बोटाचे माप एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घ्यावे. उन्हाळ्यात बोटे फुगतात. नंतर माप वाढवण्यासाठी खडा काढावा लागतो आणि एकदा दाबलेले कोंदण दुसऱ्यांदा उघडताना खडा आणि काठ दोन्ही धोक्यात येतात.

खडा बसवणे

अंगठी लाखेत किंवा लाकडी शिकंज्यात घट्ट धरावी. खडा मेणाच्या कांडीने उचलून बैठकीवर ठेवावा आणि बोटाने हळूच दाबून पाहावा. तो डुलला तर बैठक समान नाही. डुलणारा खडा दाबणे म्हणजे तो फोडणे. खडा काढून बैठक दुरुस्त करावी, पुन्हा ठेवावा. दहा वेळा करावे लागले तरी चालेल. चौकोनी किंवा टोकदार खडा असेल तर त्याच्या कोपऱ्यांखाली बारीक पोकळी ठेवावी, म्हणजे दाब कोपऱ्यावर येत नाही.

दाबताना मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोर जावे. आधी उत्तर, मग दक्षिण. आधी पूर्व, मग पश्चिम. नंतर मधल्या चार दिशा. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेल्यास सगळा ढिला पत्रा शेवटी एका जागी जमतो आणि तिथे चुणी पडते. प्रत्येक वेळी थोडेच दाबावे. काठ सर्व बाजूंनी टेकल्यावर गुळगुळीत ओपणीने तो ओपून घ्यावा.

तपासणी दोन प्रकारे करावी. कापसाचा पुंजका काठावरून फिरवावा. तंतू अडकला तर तिथे फट आहे. मग अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारावी. खट्खट् आवाज आला तर खडा आत हलतो आहे.

सोने वेगळे, खडा वेगळा

आता बिलाचा प्रश्न. या धंद्यात सर्वांत जास्त अन्याय इथे होतो. तयार अंगठी काट्यावर ५.१० ग्रॅम भरली. खडा २.५० कॅरेटचा, म्हणजे ०.५० ग्रॅमचा. निव्वळ सोने ४.६० ग्रॅम. कोणी पूर्ण ५.१० ग्रॅमला सोन्याचा भाव लावला तर वरच्या भावाने गिऱ्हाइकाचे ४,५८० रुपये नाहक गेले. आणि पुढे तीच अंगठी मोडायला आणली की दुकानदार खड्याचे वजन वजा करतो. एकाच खड्यात गिऱ्हाईक दोनदा नागवले जाते.

या बाबतीत आपल्याला स्पष्ट मार्गदर्शन आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत फुजाला बिन उबैद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, त्यांनी खैबरच्या वेळी सोने व मणी असलेला एक हार बारा दीनारांना घेतला, सोने वेगळे काढून पाहिले तर ते बारा दीनारांहून जास्त निघाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे सांगितले असता, सोने वेगळे केल्याशिवाय असा व्यवहार करू नये, असे त्यांनी सांगितले. जुने सोने देऊन नवे घेताना कसे करावे, याविषयी शंका असेल तर उलमांना विचारावे. पण सोन्याचे वजन आणि खड्याचे वजन बिलावर वेगवेगळे दाखवावे, याविषयी शंकेला जागाच नाही. हॉलमार्कच्या नियमांतही बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क वेगळे लिहायचे असते.

खड्याचे वजन बसवण्यापूर्वी पावतीवर लिहिलेले असते, म्हणून हा हिशेब कोणालाही पडताळता येतो. पहिल्या दिवशीची पावती शेवटच्या दिवशी अशी कामी येते.

घट आणि धूळ

कानस, पॉलिश आणि झाळकामात थोडे सोने जातेच. ही घट किती धरायची हे काम घेतानाच ठरवावे आणि लिहावे. "शेवटी बघू" म्हटले की शेवटी भांडण होते. गिऱ्हाइकाने जुने सोने दिले असेल तर त्याच्यासमोर वितळवून त्याचे वजन आणि शुद्धता लिहावी. ठरल्यापेक्षा उरलेले सोने परत करावे, ते चिमूटभर असले तरी.

धूळ मात्र जपावी. शेजारच्या बालाघाट भागात नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्या सोनझरी लोकांची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत सराफांच्या धुळीतून सोने काढणारे धूळधोये हे मुस्लिम कारागिरांत गणले आहेत. झाडून टाकलेल्या धुळीवर ज्यांची कुटुंबे जगली, ती धूळ आपण नालीत का सोडावी? बाकाखाली चामड्याची झोळी बांधावी, हात धुतलेले पाणी एका भांड्यात साठवावे आणि वर्षाअखेर ते शुद्ध करून घ्यावे.

हॉलमार्कचा नियम

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि पुढे आणखी जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलेलाच हॉलमार्क विक्रीस चालतो. हा क्रमांक "बीआयएस केअर" या मोबाईल अॅपवर गिऱ्हाइकालाही तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू आणि वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेले दुकानदार यांना सक्तीतून सूट देण्यात आली. केवळ मजुरीवर दुसऱ्या सराफासाठी घडवणाऱ्या आणि स्वतः विक्री न करणाऱ्या कारागिराला नोंदणीची गरज नाही. नियम बदलत असतात. आपल्या दुकानाला काय लागू आहे हे भारतीय मानक ब्युरोच्या नागपूर शाखेत विचारून घ्यावे. सूट असली तरी हॉलमार्क करून दिल्याने विश्वास वाढतो. अंगठी हॉलमार्क केंद्राला खडा बसवण्यापूर्वीच पाठवावी. खडा घरी सुरक्षित राहतो आणि तपासणीही नीट होते.

मजुरी आणि पुढची पिढी

या कामाची मजुरी ग्रॅमवर घेऊ नये, नगावर घ्यावी. ग्रॅमवर मजुरी असली की जड अंगठी करण्याचा मोह होतो. शिवाय नाजूक पाचूचे हलके कोंदण करायला जास्त वेळ लागतो, पण ग्रॅमच्या हिशेबाने त्याचेच पैसे कमी मिळतात. खड्याची जात, कोपरे, पाठ उघडी की बंद, यावरून दर आधीच सांगावा. खडा फुटण्याचा धोका असेल तर बसवण्यापूर्वी स्पष्ट बोलावे. गिऱ्हाइकाला पटले नाही तर काम परत करावे. परत केलेल्या कामाने कोणी भिकेला लागत नाही.

तरुणांना शिकवण्यासाठी साधने हवीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून होते. योजनेतील कर्जावर पाच टक्के व्याज आहे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांपुरता विचार करावा. दहापट भिंग, व्हर्नियर, कॅरेटचा काटा आणि चांगली ओपणी एवढ्या अवजारांवर हे काम उभे राहते.

गोंदियाला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे जंक्शन लाभले आहे. बालाघाट, डोंगरगड, राजनांदगावची माणसे इथे बाजाराला येतात. त्यांना तयार अंगठी कुठेही मिळेल. आपला खडा सांभाळून घेणारा, मापून बसवणारा आणि वजनाचा खरा हिशेब देणारा कारागीर मात्र सगळीकडे मिळत नाही. आमची विनंती एवढीच की, येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक कारागिराने दोन प्रतींचे एक पावतीपुस्तक छापून घ्यावे आणि पहिल्याच खड्यापासून ते भरायला सुरुवात करावी.